वैमानिकाची बढती आणि त्याचे घर

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्यवसाय मार्गदर्शनाच्या या कार्यक्रमात वैमानिकाच्या व्यवसायाविषयी बोलण्याची कामगिरी माझ्याकडे आली आहे. अशा व्याख्यानात प्रवेश कसा मिळवावा, खर्च किती येतो आणि पगार किती मिळतो, एवढेच बहुधा अपेक्षित असते. ते मी थोडक्यात सांगेनच. परंतु मला मुख्यतः बोलायचे आहे ते त्यापुढच्या एका प्रसंगाविषयी. नोकरी लागली, काही वर्षे सहवैमानिक म्हणून गेली आणि एके दिवशी कॅप्टनपदाची संधी समोर आली. मात्र ती जागा दुसऱ्या शहरात आहे. अशा वेळी घरात जो विचार व्हायला हवा आणि पुष्कळदा होत नाही, तो आज आपण मिळून करू या.

तुम्ही म्हणाल, "मुलाची अजून बारावी व्हायची आहे, त्याच्या कॅप्टनपदाची काळजी आताच कशाला?" त्याचे कारण असे की, या व्यवसायात शिरण्यासाठी घर गहाण पडते, दागिने मोडले जातात, बँकेचे मोठे कर्ज डोक्यावर येते. एवढे केल्यावर मागे फिरणे अवघड असते. ज्या वाटेने मुलाला वा मुलीला पाठवायचे, ती पुढे कोठे वळते हे पालकांना आधीच माहीत असावे.

प्रवेशाची वाट आधी सांगतो. आपल्या देशात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी वयाची १८ वर्षे पुरी व्हावी लागतात, किमान २०० तासांचे उड्डाण करावे लागते, लेखी परीक्षा असतात आणि पहिल्या वर्गाची वैद्यकीय तपासणी उत्तीर्ण व्हावी लागते. ही तपासणी पुढे नोकरीभर ठरावीक मुदतीने होतच राहते. शिक्षणासाठी उत्तर प्रदेशात फुरसतगंज येथे सरकारी अकादमी आहे. आपल्या महाराष्ट्रातही बारामती, गोंदिया अशा ठिकाणी उड्डाणाचे शिक्षण मिळते. खर्च लाखांच्या दशकांत मोजावा लागतो, आणि परवाना मिळाल्यावर एखाद्या विशिष्ट जातीच्या मोठ्या विमानाचे प्रशिक्षण घ्यायचे तर तो खर्च बहुधा निराळाच असतो. हे सगळे पार पडले की खांद्यावर सहवैमानिकाच्या पट्ट्या येतात. चौथी पट्टी कॅप्टनची. तिच्याकडे सगळ्यांचे डोळे लागलेले असतात.

ज्येष्ठतेची यादी

आता या व्यवसायाची गुरुकिल्ली समजून घ्या. अमेरिकेच्या मोठ्या विमान कंपन्यांत वैमानिकाचे सारे जीवन एका आकड्यावर चालते. तो आकडा म्हणजे ज्येष्ठतेच्या यादीतील त्याचा क्रमांक. तो कंपनीत रुजू झाला त्या तारखेवरून हा क्रमांक पडतो. किती हुशार, किती मेहनती, याचा त्याच्याशी संबंध नाही. कोणत्या शहरी नेमणूक मिळावी, कोणते विमान चालवावे, महिन्यातील कोणत्या फेऱ्या घ्याव्यात, सणाला सुट्टी मिळावी की नाही, या प्रत्येक गोष्टीसाठी वैमानिक आपली पसंती लिहून देतो आणि वरच्या क्रमांकाच्या माणसाची पसंती आधी पुरी होते. खालच्याला उरलेसुरले मिळते. कंपनी सोडून दुसरीकडे गेला, तर वीस वर्षांचा अनुभव असूनही तो तेथे यादीच्या तळाशी जातो.

आपल्याकडे एस.टी.त किंवा रेल्वेत ज्यांनी नोकरी केली, त्यांना ज्येष्ठता म्हणजे काय हे शिकवायला नको. परंतु येथे एक गोष्ट वेगळी आहे. ऑफिसात बढती मिळाली म्हणजे माणूस वर चढतो. वैमानिक कॅप्टन झाला म्हणजे त्याचा हुद्दा वर चढतो आणि त्याच वेळी तो रांगेत मागे जातो. सहवैमानिकांच्या रांगेत तो पहिल्या दहांत असेल, तर कॅप्टनांच्या रांगेत तो शेवटला होतो. काल शनिवार-रविवार घरी असणारा माणूस आज दर ईदेला आणि दर दिवाळीला ड्यूटीवर असतो.

शेवटल्या माणसाच्या वाट्याला येते 'रिझर्व्ह'. म्हणजे ठरलेली फेरी नाही. कोणी आजारी पडले, कोठे विमान अडकले, तर फोन येतो आणि साधारण दोन-अडीच तासांत विमानतळावर हजर व्हावे लागते. घर त्याच शहरात असेल तर फोनची वाट घरी बसून पाहता येते. घर हजार मैलांवर असेल तर फोन न आला तरीही नेमणुकीच्या शहरातच मुक्काम ठोकून बसावे लागते.

आणि कनिष्ठ कॅप्टनाला जागा मिळते ती बहुधा जेथे ज्येष्ठ मंडळी जायला तयार नसतात, तेथे. न्यूयॉर्क हे अशा शहरांपैकी एक. राहणे महाग, वाहतूक दाट, आकाशात गर्दी. म्हणून डेन्व्हरला किंवा फ्लॉरिडात राहणारा वैमानिक न्यूयॉर्कची नेमणूक घेतो, परंतु बिऱ्हाड हलवीत नाही. बायकोची नोकरी तेथे आहे, मुलांची शाळा तेथे आहे, म्हातारे आईवडील तेथे आहेत. शिवाय दोन वर्षांनी कंपनी तो तळच बंद करील आणि पुन्हा बिऱ्हाड उचलावे लागेल, हीही धास्ती असते. मग तो कामावर जाण्यासाठीच विमानाने प्रवास करतो.

आपल्याकडे कसाऱ्याहून, कर्जतहून मुंबईला रोज लोकलने येणारी माणसे आहेत. त्यांचा पास निदान चालतो तरी. या वैमानिकाला रिकाम्या आसनावर किंवा कॉकपिटमधील जादा खुर्चीवर फुकट बसता येते खरे, पण विमान भरलेले असले, खुर्चीवर आधीच दुसरा कोणी बसलेला असला, की तो खालीच राहतो. आणि ड्यूटीवर वेळेत पोहोचणे ही जबाबदारी मात्र त्याचीच. हा प्रवास कामाच्या तासांत धरला जात नाही. त्याचा पगारही मिळत नाही.

मुक्कामासाठी पाच-दहा वैमानिक मिळून विमानतळाजवळ भाड्याने जागा घेतात. तिला तेथे 'क्रॅश पॅड' म्हणतात. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात क्यू गार्डन्स नावाची वस्ती आहे. तेथे विमान कर्मचारी इतके राहत आले की लोक तिला गमतीने 'क्रू गार्डन्स' म्हणू लागले. आपल्याला ही कल्पना नवी नाही. गोव्याच्या दर्यावर्दी मंडळींनी मुंबईत धोबीतलावाच्या आसपास आपापल्या गावांचे 'कूड' चालविले. जहाज लागेपर्यंत तेथे ट्रंक ठेवायची, खाट टाकायची आणि वाट पाहायची. माणूस आकाशात गेला, तरी त्याची खाट तीच राहिली!

एक साधा हिशेब

आता पगाराचा हिशेब करू. पुढील आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. परंतु त्यांचे एकमेकांशी प्रमाण खऱ्या परिस्थितीला धरून आहे.

समजा, सहवैमानिकाला उड्डाणाच्या तासाला १०० रुपये आणि कॅप्टनला १५० रुपये मिळतात. ज्येष्ठ सहवैमानिक आपल्या गावातूनच उडतो. महिन्याला ८० तास उडतो, त्यासाठी १४ दिवस घराबाहेर असतो. त्याची कमाई ८,००० रुपये. तोच मनुष्य दूरच्या शहरी नवा कॅप्टन झाला. रिझर्व्हवर असल्याने त्याला महिन्याला ७५ तासांच्या पगाराची हमी आहे. कमाई ११,२५० रुपये. म्हणजे ३,२५० रुपये जास्त. घरात पेढे वाटण्यासारखीच ही वाढ आहे.

परंतु दिवस मोजा. रिझर्व्हचे १८ दिवस, आणि जाण्यायेण्यात गेलेले आणखी पाच दिवस, मिळून २३ दिवस तो घराबाहेर आहे. पूर्वी घराबाहेरच्या दर दिवसाला ५७१ रुपये पडत होते. आता ४८९ रुपये पडतात. त्याने महिन्याचे नऊ दिवस जास्त दिले आणि त्यांचे त्याला दिवसाला ३६१ रुपये मिळाले. त्यातून क्रॅश पॅडचे भाडे वजा जायचे आहे, बाहेरचे जेवण वजा जायचे आहे, आणि विमान चुकल्यावर हॉटेलात काढलेली रात्रही वजा जायची आहे.

घ्यावी की न घ्यावी, हे हा हिशेब सांगत नाही. नऊ दिवस ३६१ रुपयांच्या भावाने द्यायचे आहेत, एवढेच तो दाखवतो. ज्याच्या घरी तरणीताठी माणसे आहेत, मूलबाळ नाही, कर्ज मोठे आहे, त्याला हा भाव परवडेल. ज्याच्या घरी दोन वर्षांची मुलगी आणि अंथरुणाला खिळलेली आई आहे, त्याला कदाचित परवडणार नाही. पण भाव न विचारताच सौदा करू नये.

दुसरी बाजू

कोणी म्हणेल, "हा वक्ता आमच्या मुलांना पुढे जाऊ नका असे सांगतो आहे." तसे मुळीच नाही. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे.

कॅप्टन झालेला मनुष्य कायम शेवटला राहत नाही. वरची मंडळी निवृत्त होतात, खालून नवे येतात, आणि काही वर्षांत तो मध्यावर पोहोचतो. भविष्यनिधीत पडणारी रक्कम पगाराच्या प्रमाणात असेल, तर वीस वर्षांत तिचा फरक मोठा होतो. शिवाय कॅप्टन म्हणून केलेले उड्डाणाचे तास ही स्वतंत्र पुंजी आहे. कंपनी बुडाली, तर दुसऱ्या दारी तेच तास आधी विचारले जातात.

आणि थांबलेल्याला पुन्हा संधी मिळेलच, असेही नाही. अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ नंतर हजारो वैमानिकांना घरी बसावे लागले. मग डिसेंबर २००७ मध्ये निवृत्तीचे वय ६० वरून ६५ झाले, म्हणजे वरच्या जागा रिकाम्या होणे पाच वर्षे जवळजवळ थांबले. त्यातच २००८ ची मंदी आली. ज्यांनी "पुढच्या वर्षी घेऊ" म्हटले होते, त्यांतले कित्येक दशकभर सहवैमानिकच राहिले.

आपल्या देशातील अनुभव तर याहून कठोर आहे. किंगफिशरची विमाने २०१२ मध्ये जमिनीवर आली. जेट एअरवेजने एप्रिल २०१९ मध्ये उड्डाणे थांबविली. गो फर्स्ट मे २०२३ मध्ये थांबली. त्या कंपन्यांत ज्यांनी वर्षानुवर्षे ज्येष्ठता जमविली, त्यांची ती ज्येष्ठता कंपनीबरोबरच संपली. म्हणून ज्येष्ठतेच्या भरवशावर फार काळ थांबणे हाही एक जुगारच आहे. आपल्याकडे कंपनी स्वतःहून सोडायची तरी घाई चालत नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१७ मध्ये कॅप्टनसाठी एक वर्षाची आणि सहवैमानिकासाठी सहा महिन्यांची पूर्वसूचना ठरवून दिली. म्हणजे आज केलेल्या निवडीत निदान वर्षभर तरी राहावे लागते.

दोन्ही पारडी ही अशी आहेत. म्हणून निर्णय कठीण आहे, आणि म्हणूनच तो एकट्याने करू नये असे माझे म्हणणे आहे.

थकव्याची किंमत कोण देतो?

येथपर्यंत आपण वैमानिक आणि त्याचे घर एवढाच विचार केला. परंतु या सौद्यात तिसराही एक पक्ष असतो. तो म्हणजे मागे बसलेला प्रवासी.

१२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री न्यूयॉर्कजवळच्या न्यूअर्कहून बफेलोला निघालेले कोलगन एअरचे ३४०७ क्रमांकाचे विमान उतरण्याच्या बेतात असताना एका घरावर कोसळले. विमानातील सर्व ४९ आणि घरातील एक, असे ५० जण मृत्युमुखी पडले. कॅप्टन आणि सहवैमानिक या दोघांची नेमणूक न्यूअर्कला होती. कॅप्टन फ्लॉरिडात टाम्पाजवळ राहत होता. २४ वर्षांची सहवैमानिक देशाच्या दुसऱ्या टोकाला, सिॲटलजवळ, आईवडिलांकडे राहत होती. आदल्या संध्याकाळी ती सिॲटलहून निघाली, मालवाहू विमानाने मेंफिसला आली, तेथे दुसरे विमान धरले आणि सकाळी न्यूअर्कला पोहोचली. दिवसाची विश्रांती तिने विमानतळावरील कर्मचाऱ्यांच्या खोलीत जमेल तशी घेतली. तिची तब्येतही बरी नव्हती. आजारी असल्याचे कळवावे तर हॉटेलचा खर्च पदरचा, अशा अर्थाचे तिचे बोलणे कॉकपिटमधील ध्वनिमुद्रणात आढळले.

राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१० मध्ये अहवाल दिला. अपघाताचे कारण म्हणून कॅप्टनची चुकीची कृती नोंदली गेली: विमानाचा वेग घातक इतका कमी झाल्याचा इशारा मिळाला असता करायचे त्याच्या उलट त्याने केले. दोघांच्याही कामावर थकव्याचा परिणाम झाला असणे संभवनीय आहे, परंतु तो नेमका किती हे ठरविता येत नाही, असे मंडळाने म्हटले. मी याहून अधिक काही म्हणणार नाही. मात्र त्याच अहवालातील एक माहिती विचार करण्याजोगी आहे. न्यूअर्कला नेमलेल्या त्या कंपनीच्या १३७ वैमानिकांपैकी ९३ जण बाहेरगावाहून ये-जा करणारे होते; त्यांतले २९ जण हजार मैलांहून दूर राहत होते. ही दोघे अपवाद नव्हती, तेथील रीतच ती होती.

पुढे अमेरिकेच्या संसदेच्या सांगण्यावरून तज्ज्ञांनी वैमानिकांच्या या ये-जा करण्याचा खास अभ्यास केला. २०११ च्या त्या अहवालाने ये-जा करण्यावर बंदी सुचविली नाही. परंतु वैमानिकाने ड्यूटीपूर्वी निदान सहा तास झोप घ्यावी आणि ड्यूटी संपेपर्यंतचा एकूण जागरणाचा काळ सुमारे सोळा तासांच्या पलीकडे जाऊ नये अशा बेताने प्रवास आखावा, असे सांगितले. जानेवारी २०१४ पासून तेथे विश्रांतीचे नवे नियम लागू झाले. दोन ड्यूट्यांमध्ये दहा तासांची विश्रांती, आणि तीत आठ तास झोपेची संधी.

आपल्या देशानेही या दिशेने पाऊल टाकले. जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या नियमांनी साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली आणि रात्रीच्या वेळी विमान उतरविण्याची मर्यादा सहावरून दोनवर आणली. हे नियम २०२५ च्या जुलै आणि नोव्हेंबर अशा दोन टप्प्यांत अमलात आले. त्या डिसेंबरात देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली, लोक विमानतळांवर खोळंबले आणि त्या कंपनीला काही नियमांतून तात्पुरती सूट द्यावी लागली, हे तुम्ही वर्तमानपत्रांत वाचलेच असेल. वैमानिकाची झोप ही साऱ्या देशाची बाब आहे, हे तेव्हा सर्वांच्या ध्यानात आले.

परंतु नियम ड्यूटीच्या तासांना लागू होतात. हैदराबादला घर आणि दिल्लीला नेमणूक असलेल्या माणसाच्या ४८ तासांतील किती तास विमानतळावर, रांगेत आणि टॅक्सीत जातात, हे कोणताही नियम मोजत नाही. ते मोजणे त्याच्या आणि त्याच्या घरच्यांच्याच हाती राहते.

आपल्या घरांचा अनुभव

पालकहो, हे सारे मी अमेरिकेचे आणि विमानांचे सांगतो आहे, तरी त्यातले मर्म तुम्हांला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरील किती घरांतून पुरुष पिढ्यान्‌पिढ्या जहाजांवर गेले! पुढे आखाती देशांची दारे उघडली आणि दुबई, कुवेत, दोहा ही नावे घराघरांत झाली. त्या कमाईतून घरे उभी राहिली, बहिणींची लग्ने झाली, मुलांची शिक्षणे झाली. ती कमाई करणाऱ्यांचे ऋण कोणी विसरू नये. परंतु दोन वर्षांनी सुट्टीवर आलेल्या अब्बांना पाहून आईच्या पदराआड लपणारे मूलही आपण पाहिले आहे. घरची दुखणी-खुपणी, शाळा, बँक आणि सासूसासऱ्यांचे औषधपाणी एकटीने सांभाळणारी आईही आपण पाहिली आहे. तिच्या कामाची नोंद कोणत्या पगारपत्रकात झाली?

आखाती विमान कंपन्यांनी या प्रश्नाला आपल्यापुरते एक उत्तर काढले आहे. दुबईच्या किंवा दोह्याच्या कंपनीचा वैमानिक तेथेच राहतो. राहण्याची सोय वा भत्ता मिळतो, मुलांच्या शिक्षणाला मदत मिळते आणि कुटुंब बरोबर नेता येते. ये-जा करण्याचा प्रश्न सुटतो. परंतु आईवडील मागे राहतात, आणि नोकरी संपली की बहुधा तो देशही सोडावा लागतो. म्हणजे येथेही काही द्यावे लागतेच. न देता मिळेल अशी जागा या व्यवसायात मला तरी आढळली नाही.

मुलींच्या बाबतीत दोन शब्द. कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी नोव्हेंबर १९८५ मध्ये कोलकात्याहून सिल्चरला नेलेल्या फोकर विमानातील सर्व कर्मचारी स्त्रिया होत्या. आज भारतातील स्त्री वैमानिकांचे प्रमाण जगाच्या सरासरीच्या दुपटीहूनही अधिक आहे. मुलगी विमान चालवू शकेल का, हा प्रश्न आता उरलेला नाही. परंतु बढती दूरच्या शहरात आली की मुलाला आपण "जा बेटा, आम्ही आहोत" म्हणतो आणि मुलीला "मग घराचे काय?" म्हणून विचारतो. प्रश्न चुकीचा नाही, पण तो दोघांनाही विचारायला हवा. आणि "आम्ही आहोत" हेही दोघांनाच सांगायला हवे.

घरी बसून विचारायचे प्रश्न

म्हणून माझी विनंती अशी की, असा प्रसंग आला म्हणजे घरातल्या सर्वांनी एकत्र बसावे आणि कागदावर चार प्रश्नांची उत्तरे लिहावीत. हे प्रश्न बँकेतल्या, पोलिसातल्या, जहाजावरच्या, कोणत्याही नोकरीतल्या बढतीला लागू पडतील.

पहिला : महिन्यातून घराबाहेरचे दिवस किती वाढतील, आणि त्या प्रत्येक दिवसाला खर्च वजा जाता काय पडेल?

दुसरा : ही ओढाताण किती वर्षांची? "काही काळ" असे उत्तर पुरेसे नाही. दोन वर्षांची ओढाताण सोसता येते, कारण तिचा शेवट दिसत असतो. मुदत ठरवावी आणि ती भरली की पुन्हा एकत्र बसावे.

तिसरा : जाणाऱ्याच्या वाट्याचे घरचे काम कोण करणार? ज्याच्या किंवा जिच्या अंगावर ते पडणार, त्या व्यक्तीने होकार दिला आहे का? गप्प राहणे म्हणजे होकार नव्हे.

चौथा : बिऱ्हाड हलविता येईल का? मोठ्या शहरात लहान जागा आणि सर्वजण एकत्र, हे पुष्कळदा गावी मोठे घर आणि त्यात एक माणूस कमी याहून बरे पडते.

या प्रश्नांची उत्तरे लिहून झाल्यावर जर ठरले की बढती घ्यावी, तर ती निःशंक मनाने घ्यावी आणि घरच्यांनी रोज कुरकुर करू नये. आणि ठरले की आता घेऊ नये, तर तेही तितक्याच ताठ मानेने सांगावे. अमेरिकेत कित्येक सहवैमानिक कॅप्टनपद हाताशी असूनही मुले मोठी होईपर्यंत जाणूनबुजून ते घेत नाहीत. त्यांना तेथे कोणी नालायक म्हणत नाही. यादीतला क्रमांक त्यांचाच राहतो आणि वेळ आली की ते पुढे होतात. आपल्याकडे मात्र लग्नकार्यात चार माणसे विचारतात, "अजून कॅप्टन नाही झाला?" हा प्रश्न विचारणारे आपणच असतो. कित्येक तरुणांना चुकीच्या वेळी दूर ढकलतो तो हाच प्रश्न. तो विचारणे आपण सोडले, तर आपल्या मुलांवर मोठे उपकार होतील.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही वैमानिक व्हा, अवश्य व्हा. गणित आणि भौतिकशास्त्र पक्के करा, इंग्रजी बोलण्याचा सराव ठेवा, डोळ्यांची आणि प्रकृतीची काळजी घ्या. कर्ज काढण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी करून घ्या. ती आधी करून न घेतल्याने पुढे खर्च वाया गेल्याचे प्रकार घडतात. आणि ज्या दिवशी अर्ज भराल, त्या दिवशी आईवडिलांबरोबर बसून हेही बोला की, उद्या मला दूर राहावे लागले तर आपण काय करायचे. त्या दिवशी उत्तर सापडले नाही तरी चालेल. बोलायची सवय लागली, म्हणजे चौथी पट्टी दारात येईल तेव्हा घरातले कोणी गप्प बसणार नाही.